डावी चाकोरी

१

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे होतो, या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे अगदी तिथेच होतो असं नाही. जो होता त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि तो माणूस एक नंबरचा थापाड्या. त्याच्या बोलण्यातली निम्मी हवा काढूनच ऐकावं लागतं. तरीही गोष्ट खरी. फक्त एका ठिकाणी मी पदरचं घातलंय. कुठे, ते शेवटी सांगतो.

तर एक वजनमाप निरीक्षक होता. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनाचा तळ कोरून कुणी शिसं काढलंय का ते बघायचं, खोटं निघालं की जप्त करायचं, हे त्याचं काम. 'मापात पाप' हे शब्द बाकीचे लोक म्हण म्हणून वापरतात, हा कलम म्हणून वापरायचा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत असा सरळसोट चालणारा हा गृहस्थ शनिवारी सकाळी सहाला बिघडायचा. उंच चाकांची पिकअप काढायची, क्लबच्या आणखी सहा गाड्यांबरोबर डांबरी रस्ता संपेपर्यंत जायचं, तिथे उतरून टायरमधली निम्मी हवा सोडायची (मऊ टायर वाळूवर पसरतो, कडक टायर वाळूत घुसतो), आणि दोन दिवस वाळवंटात गाडी घालायची. दर शनिवार-रविवार.

क्लबात कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. वॉकीटॉकीवर टोपणनावं चालत. निरीक्षकाचं नाव होतं काटा. सगळ्यांत पुढे असायचा एक दातांचा डॉक्टर, तो पुढारी. सगळ्यांत मागे, अडकलेल्यांना दोर लावून ओढायला, काट्याचा मेव्हणा. तो गॅरेजवाला. त्याचं नाव शेपूट.

आणि काट्याच्या डाव्या हाताला, दुसऱ्या सीटवर, काट्याची बायको. ती शाळेत भूगोल शिकवायची. नकाशा वाचावा तर तिनेच; पण डावं-उजवं म्हटलं की सगळा घोळ. "उजवीकडे घ्या" असं ठणकावून सांगायची आणि हात दाखवायची डावीकडे.

"अगं, तोंडाचं खरं मानू की हाताचं?"

"हाताचं हो! वीस वर्षं झाली लग्नाला, अजून तोंडाचं ऐकता?"

तेव्हापासून काटा तिचं ऐकायचा नाही, तिच्याकडे बघायचा.

ती आजारी पडली आणि वर्षाच्या आत गेली. पुढचे सहा महिने काट्याने गाडीला हात लावला नाही. सातव्या महिन्यात मेव्हणा न विचारता आला, नवी बॅटरी टाकून गाडी चालू करून गेला. "उभी गाडी सडते दाजी," जाताना म्हणाला. "माणसाचं मी काही बोलत नाही."

काटा पुन्हा जायला लागला. डावी सीट रिकामी ठेवून.

२

वाळवंटात शिरल्यावर पहिल्या तासात एक कोरडं तळं लागायचं. पाणी कधीच आटलेलं. वर खारट पांढरा पापुद्रा, खाली काळा चिखल. वाळूत पुढच्याच्या चाकोरीतून जायचं असतं, पण इथे नियम उलटा. पापुद्रा एक गाडी पेलतो, दुसरीला फुटतो. म्हणून प्रत्येकाने आपली वेगळी, कोरी वाट धरायची. पलीकडे पोचून मागे पाहिलं की सात गाड्यांच्या सात जोड्या, वहीत आखल्यासारख्या.

शेपूट सगळ्यांत शेवटी यायचा, म्हणून त्या रेघा त्याने एकट्यानेच जवळून पाहिलेल्या असत. त्या शनिवारी तो पलीकडे पोचला, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि काट्याच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"दाजी, डावीकडे काय भरलंय?"

"काही नाही."

"पाण्याचे कॅन?"

"मागे. मधोमध."

"जास्तीचं चाक?"

"छतावर. तूच बसवलंस. झाली उलटतपासणी?"

"मग जरा या, बघा."

दोघं चालत तळ्यावर गेले. काट्याच्या गाडीची उजवी चाकोरी पापुद्र्यावर नुसती उमटली होती, पावडर लावल्यासारखी. डावी मात्र फुटून आत गेली होती. तळाशी काळा ओला चिखल चमकत होता.

"एकटा माणूस, तो उजवीकडे बसलेला," मेव्हणा म्हणाला. "खोल जायची तर उजवी जायला हवी."

"डावीकडच्या स्प्रिंगचा पाटा बसला असेल."

"असेल. सोमवारी आणा गॅरेजला."

आता तुम्ही म्हणाल, दोन टनांची गाडी, त्यात शंभर-पन्नास किलो इकडे की तिकडे, पासंगालाही पुरायचे नाहीत. मान्य. पण पापुद्र्याचं माणसासारखंच असतं. सोसतो सोसतो, आणि कशाने फुटेल ते सांगता येत नाही.

३

पाटा ठीक होता. मेव्हण्याने तरी नवा टाकला. गाडी डावीकडे झुकलेलीच.

मग काट्याने ऑफिसातून वजनाच्या चार पाट्या आणल्या. रस्त्यात ट्रक अडवून ज्या चाकांखाली सरकवतात, त्या. गॅरेजची फरशी सपाट आहे ना, ते पाणसळीने तपासलं. चारी चाकं चार पाट्यांवर घेतली, गाडीत कुणी नाही, मागे काही नाही. दोन वर्षांपूर्वी याच गाडीचं रिकामं वजन त्याने हौसेने केलं होतं. आकडा पाठ होता. आजचा आकडा त्याहून जास्त आला. चोपन्न किलोंनी.

"पाट्या खोटं बोलतायत," मेव्हणा म्हणाला.

हे वाक्य काट्याला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याने सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं आणून एकेक पाटी तपासली. वीस म्हणजे वीस, चाळीस म्हणजे चाळीस. टाकीतलं इंधन काढलं, पुन्हा मोजलं. पायपुसण्या काढल्या, हत्यारांची पेटी काढली, वजाबाक्या केल्या. चोपन्न उरलेच. शेवटी त्याने पाना मागितला आणि डावी सीट उचकटून बाहेर फरशीवर ठेवली.

जास्तीचं वजन गेलं. सीटचं स्वतःचं वजन मिळवलं की आकडा दोन वर्षांपूर्वीचा, तंतोतंत.

सीट परत बसवली. नुसती सीट, सोळा किलोंची. बोल्ट आवळून मेव्हणा बाजूला झाला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत गाडी डावीकडे बोटभर खाली बसली. हलकेच, कुणी एक पाय आत टाकून, पदर सावरून, मग दुसरा पाय घ्यावा, तशी. पाट्यांवर आकडे चढत गेले आणि थांबले.

मेव्हणा एरवी मयताच्या घरीही कोपऱ्यात दोन माणसं हसवणारा. तो पाना फडक्याने पुसत राहिला. मग म्हणाला, "बरी होती तेव्हा ताईचं वजन किती होतं हो?"

उत्तर पाट्यांवर होतं.

४

त्या आठवड्यात काटा घाबरला असेल असं तुम्हाला वाटेल. घाबरला, पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी त्याने सीट ब्रशने झाडली. तिसऱ्या दिवशी ती थोडी मागे सरकवली, कारण तिला पाय लांब करून बसायला आवडायचं. शनिवारी दाढी करून निघाला. डांबरी रस्ताभर बोलत होता: ऑफिसात कोण बदलून आलं, नळाची गळती कशी थांबली, तिच्या शाळेतल्या बाई बाजारात भेटल्या त्या काय म्हणाल्या. डावीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. पाहिलं आणि नसली तर? आणि असली तर?

रविवारी परतल्यावर त्याने गाडी पाट्यांवर घेतली. एक्कावन्न.

पुढच्या रविवारी एकोणपन्नास. मग पंचेचाळीस.

हे आकडे त्याला माहीत होते. आजारपणात दर रविवारी सकाळी तो तिला घरातल्या वजनकाट्यावर उभं करायचा. तो वजनकाटा त्याने स्वतः तपासलेला, दहा ग्रॅमचीही चूक नाही. तीही चेष्टा करायची. "तुमच्या खात्याची केस झाले की मी. तोळामासा म्हणतात ती हीच का प्रकृती?" चोपन्न, एक्कावन्न, एकोणपन्नास, पंचेचाळीस. नंतर एक्केचाळीस, छत्तीस. आणि शेवटी एकतीस. एकतीसनंतर तिला उभं करता आलं नव्हतं.

छत्तीसच्या रविवारी ती त्याच्या खांद्याला धरून वजनकाट्यावरून उतरली आणि म्हणाली, "पुरे आता. मला घरीच राहू द्या."

"अजून एकदा," तो म्हणाला होता. "डॉक्टर म्हणतायत, एवढा एक कोर्स."

"बरं," ती म्हणाली. हात मात्र आडवा हलत होता, नको, नको. वीस वर्षं ज्या हाताचं ऐकलं, त्याचं त्या दिवशी त्याने ऐकलं नाही. तोंडाचं ऐकलं. त्या एका कोर्सने तिला पाच आठवडे दिले. त्या पाच आठवड्यांबद्दल काटा कुणाशी बोलत नाही.

गाडीतलं वजन छत्तीसवर आलं तसं त्याने जाणं थांबवलं. पुढे न्यायची नाही, म्हणजे उतरणार नाही, साधा हिशेब. गाडी अंगणात भिंतीला लावून ठेवली. वजन खरंच उतरलं नाही.

पण दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तो स्वयंपाकघरात भांडी विसळत असताना बाहेरून आवाज आला. कर्र. थोड्या वेळाने पुन्हा, कर्र. त्याने नळ बंद केला. हा आवाज त्याला पाठ होता, फक्त तेव्हा तो पलंगाचा होता. या कुशीवर दुखतं म्हणून त्या कुशीवर, त्या कुशीवर दुखतं म्हणून पुन्हा या.

तो बाहेर आला. वारा नव्हता. गाडीचा डावा खांदा बोटभर खाली जात होता, वर येत होता.

"काय होतंय गं?" त्याने विचारलं. तेव्हाही हेच विचारायचा.

आवाज थांबला. ऐकतंय कुणीतरी, असा थांबला. मग हळूच, जणू त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, पुन्हा कर्र.

"दाजी, विकून टाका ती गाडी," मेव्हणा फोनवर म्हणाला.

"तिच्यासकट?"



५

तिसऱ्या शनिवारी काटा निघाला. एकतीसपर्यंत जाऊ दे, त्याने ठरवलं होतं, म्हणजे सुटेल. मला काय व्हायचं ते होवो.

तळं ओलांडलं तेव्हा डावी चाकोरी जेमतेम उमटत होती. पुढे अकरा किलोमीटरवर मोठ्या टेकड्या सुरू होतात. तिथे चढावर, दुपारी, त्याची गाडी मऊ वाळूत रुतली. तिच्या आजारपणातसुद्धा जी चूक केली नव्हती ती त्याने केली: पाय दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली, आरसे धुळीने आंधळे झाले.

रुतलं की काय करायचं हे क्लबातलं शेंबडं पोरही सांगेल. पुढे जायचा हट्ट सोडायचा. आपल्याच चाकोरीतून उलटं मागे यायचं. तिथली वाळू आपल्याच भाराने दाबली गेलेली असते, ती धरते. काट्याने रिव्हर्स टाकला. इतके आठवडे तो आरशात बघून गाडी मागे घेत होता. आज आरसे नव्हते. म्हणून गाडी चालवणारा प्रत्येक माणूस करतो तेच त्याने केलं: डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं.

बोटांखाली सुती कापड लागलं. शेवटी शेवटी ती डोक्याला बांधायची, तो रुमाल. त्याखाली गुळगुळीत, ऊबदार.

त्याने हात काढला नाही. क्लच सोडला. गाडी दहा हात मागे आली, वीस हात, मोकळी झाली. आता थांबून दुसऱ्या बाजूने चढ घ्यायचा असतो. पण बोटांखाली काहीतरी खरखरलं. आठवड्याच्या दाढीसारखं. मघाशी नव्हतं.

काटा थांबला नाही.

"काटा, कुठे आहेस?" वॉकीटॉकीवर पुढारी.

"मागे घेतोय."

"निघालास ना? मग बस की. किती मागे घेणार?"

"जमेल तितकं."

"मान मोडेल लेका! गाडी वळव तरी!"

त्याने वॉकीटॉकी बंद केली. नजर मागच्या काचेवर, आपल्याच दोन रेघांवर. एक किलोमीटर. दोन. रुमाल केव्हा नाहीसा झाला ते कळलं नाही. पेरभर केस आले, मग बोटं बुडतील इतके. तो ऐकत होता. श्वासातली घरघर पाचव्या किलोमीटरला पातळ झाली, सातव्याला गेली. स्टीअरिंग डावीकडे ओढू लागलं. मागे येईल तितकी गाडी डावीकडे जड होत होती. नवव्या किलोमीटरला त्याच्या अंगठ्याला केसातला चाप लागला, एक दात तुटलेला. तो चाप त्यानेच चुकून पायाखाली मोडला होता, आजाराच्या कितीतरी आधी.

शेजारी कुणीतरी घसा खाकरला. चुकीची दिशा सांगायच्या आधी ती खाकरायची, तसा.

काटा रडत होता, आणि त्याला मागचं धड दिसत नव्हतं, आणि गाडी चाकोरी सोडत नव्हती.

६

तळ्याच्या काठावर शेपूट थांबला होता. तळ्यावर एक गाडी रुतली होती, तिला ओढण्यात तो मागे पडला होता. लांबून एक पिकअप पाठमोरी येताना त्याला दिसली. ती तशीच येत राहिली, येत राहिली आणि त्याच्यापासून वीस हातांवर थांबली.

मेव्हणा उतरून डाव्या बाजूने पुढे आला.

काटा समोर बघत बसला होता. अजूनही त्याने डावीकडे पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं ते मेव्हण्याचं तोंड, पलीकडच्या खिडकीतून. पंचेचाळीस वर्षांचा टग्या माणूस. त्याचा चेहरा आठ वर्षांच्या पोराचा झाला होता, शाळा सुटल्यावर फाटकात बहीण उभी दिसते तेव्हा होतो तसा.

"ताई," मेव्हणा म्हणाला. मग, "दाजी, आता गाडी पुढे घेऊ नका."

काट्याला ते आधीच कळलं होतं. घरी न्यायची तर गाडी पुढेच न्यावी लागणार. पुढे म्हणजे तेच सगळं: एक्कावन्न, एकोणपन्नास, तो पलंग, ते पाच आठवडे. तिला पुन्हा.

मेव्हण्याने बाहीने डावीकडचा आरसा पुसला होता. काट्याने तिकडे नजर टाकली, तेवढीच. खिडकीवर टेकलेलं कोपर. हिरवी बाही. आणि बाहेर, उन्हात, हात. हात खाली दाखवत होता. उतरायचंय.

काटा उतरला. गाडीला वळसा घालून डावीकडे गेला, खाली वाळूकडे बघत, आणि दार उघडलं. नवरे उघडतात तसं, एका बाजूला सरून, वाट देऊन. स्प्रिंगचे पाटे वर आले. कर्र, एकदाच. गाडी सरळ झाली.

दोघं जण उघड्या दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले, बराच वेळ. मग काटा घरी गेला. तळ्यावर त्या दिवशी दोन्ही चाकोऱ्या सारख्याच उमटल्या.

७

दार मी घातलंय.

बाकी सगळं खरं. दार उघडलं नाही. दाजी उतरलेच नाहीत. स्टीअरिंग धरून बसले होते, त्यांच्यात उतरण्याइतका जीव नव्हता. आणि तो मेव्हणा म्हणजे मीच. एक नंबरचा थापाड्या, सांगितलंच होतं. गाडीतलं सगळं दाजींनी मला नंतर गॅरेजच्या बाकावर बसून सांगितलं. बाहेरचं मी सांगू शकतो. माझा हात दाराच्या कडीवर होता. नुसती ओढायची होती. ताई माझ्याकडे बघत होती, हात खाली दाखवत होती, आणि मी लहानपणापासून तिचा हात ओळखतो. पण ती केसांसकट बसली होती हो. गाल भरलेले. पुन्हा अशी मला कुठे दिसली असती?

मी कडी सोडली. "दाजी," म्हटलं, "पुढच्या शनिवारीही इथपर्यंत आणाल ना?"

म्हणजे 'पुढे घेऊ नका' हेही मी घातलंय. धरा, दोन ठिकाणी.

तेव्हापासून असं चाललंय. दाजी टेकड्यांपर्यंत जातात, तिथून उलटे येतात, अकरा किलोमीटर. मी तळ्याच्या काठावर थांबतो. दहा मिनिटं मिळतात. मी गॅरेजमधल्या गमती सांगतो, दाजी ऐकतात. मग ते पहिला गिअर टाकतात आणि मी दुसरीकडे बघतो, कारण पहिल्या शंभर हातांतच ती खोकायला लागते.

आधी ती हात दाखवायची. मग नुसती बघायची. गेल्या शनिवारी मी गाडीजवळ पोचायच्या आत तिने काच वर घेतली.